उमेदवारीचे सहा महिने



संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिक्षण चालू असतानाच कामावर कसे घ्यावे, या विषयावर बोलाल का, असे व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विचारले, तेव्हा त्यांचा पत्ता चुकला असावा असेच मला वाटले. माझे शालेय शिक्षण दहावीपाशी संपले. कामगार कायदे मी वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन. आणि संगणकाला पहिला हात लावला तो चाळिशीनंतर. पण चालक मंडळी म्हणाली, "तुमच्या युनियनच्या कचेरीत दोन विद्यार्थी सहा महिने कामाला होते ना? त्याचेच सांगा." तेव्हा मी आज विद्वान म्हणून नव्हे, तर मालक म्हणून तुमच्यापुढे उभा आहे. तीस वर्षे मालकांशी भांडलेला माणूस सहा महिने स्वतःच मालक झाला तर त्याचे काय होते, ते ऐकायला तुम्ही चंद्रपूरच्या या उकाड्यात बसला आहात, असे मी समजतो.

आपल्या भाषेत या गोष्टीला एक जुना शब्द आहे: उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणूक आठवते. पण पूर्वी मामलेदार कचेरीत, वकिलाच्या घरी, छापखान्यात, सोनाराच्या पेढीवर मुले उमेदवारी करीत. उमेद म्हणजे आशा. आशेवर बसलेला तो उमेदवार. पगार नाही, कधीतरी एखादी जागा रिकामी होईल, या आशेवर तो दौती भरी, नकला करी, साहेबाच्या घरची भाजी आणी. त्यातून कोणी शिकले, कोणी नुसतेच म्हातारे झाले.

मीही उमेदवारी केली आहे. 1989 साली मी एका कारखान्यात ठेकेदाराकडे 'हेल्पर' म्हणून लागलो. कारखान्याचे नाव सांगत नाही, कारण त्या काळी सगळीकडे तेच चाले. दोन वर्षे मी मिस्त्रीच्या हातात पाने दिले, फरशी पुसली, चहा आणला. यंत्र बंद का पडले आणि सुरू कसे झाले, हे मला कोणी सांगितले नाही आणि विचारायची माझी छाती नव्हती. मग एका रात्रपाळीत एका म्हाताऱ्या फिटरने मला जवळ बोलावले. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या कवचाला लावले, मूठ माझ्या कानाशी धरली आणि म्हणाला, "ऐक. हे चांगलं." दुसऱ्या बेअरिंगपाशी नेले. "आता हे ऐक. हे आठवड्यात जाईल." ते खरोखर गेले. दोन वर्षांत मी जे काही शिकलो ते त्या दहा मिनिटांत. बाकीचे दिवस मी ठेकेदाराला स्वस्तात विकले होते, इतकेच.

आता या जुन्या उमेदवारीला नीट रूप कोणी दिले ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत सिनसिनाटी येथील विद्यापीठात हर्मन श्नायडर नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी 1906 साली अभियांत्रिकीच्या 27 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग सुरू केला. एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात, आणि कारखान्यातल्या कामाचा मोबदला रोख. विद्यापीठ आणि कारखाना यांनी मिळून शिकवायचे, म्हणून त्याला त्यांनी सहकारी शिक्षण म्हटले. तिकडे त्याचे लाडके नाव 'को-ऑप'. आपल्याकडे सहकार म्हटला की साखर कारखाना आणि पतपेढी डोळ्यांपुढे येते, म्हणून मी हा शब्द फार वापरणार नाही. पुढे 1957 साली कॅनडात वॉटर्लू येथे याच तत्त्वावर एक विद्यापीठच उभे राहिले. तेथे संगणकाचे विद्यार्थी चार महिने शिकतात आणि चार महिने पगारी नोकरी करतात, असे आळीपाळीने चालते. अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, काम मिळवायचे, आणि परत येऊन वर्गात बसायचे.

आपल्याकडे हे अगदी परके होते असे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग दाखवला. आपल्या शेजारी वर्ध्याला 1937 साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवून नयी तालीम मांडली. पिलानीच्या बिर्ला संस्थेने 1973 पासून विद्यार्थ्यांना कारखान्यांत धाडण्यास आरंभ केला. पण यांत एक फरक आहे, तो ध्यानात घ्या. कमवा आणि शिका यात मुलगा शेतात राबे तो वसतिगृहाचा खर्च भागावा म्हणून. काम एकीकडे, धडा दुसरीकडे. वर्ध्याला चरखा हाच धडा होता. संगणकाच्या विद्यार्थ्याचे काम या दुसऱ्या जातीचे आहे. तो जे शिकतो त्याचेच काम करतो. म्हणूनच त्याला कामावर घेणारा माणूस, त्याला आवडो न आवडो, मास्तर होतो.

हे मला ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत आमच्या कामगारांनी मोजली. ती हकीकत सांगतो.

आमच्या युनियनमध्ये बहुतेक ठेकेदारी कामगार आहेत. त्यांची नित्याची तक्रार अशी: काम 26 दिवस केले, पगारचिठ्ठीवर प्रॉव्हिडंट फंड कापलेला दिसतो, पण खात्यात भरणा 14 दिवसांचाच. मजुरीच्या 12 टक्के कामगाराचे, तेवढेच मालकाचे, दोन्हीकडून चोरी. ती सिद्ध करायची तर चारशेच्या आसपास माणसांच्या तीन-तीन वर्षांच्या चिठ्ठ्या आणि फंडाचे उतारे ताडून पाहायचे. आमच्याकडे गोण्या भरून कागद होते आणि डोळे अधू झालेला एक कारकून. 2023 साली आम्ही ठरवले की दोन संगणकाचे विद्यार्थी सहा महिने घ्यावेत.

पहिला वाद पैशाचा निघाला. आमचे खजिनदार म्हणाले, "प्रमाणपत्र देऊ की! लोक तर उलट पोरांकडूनच पैसे घेतात." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. विद्यार्थ्याकडून शुल्क घ्यायचे, दोन महिन्यांनी कागद छापून द्यायचा, असा धंदा निघालाच आहे. मीही, खरे सांगतो, क्षणभर गप्प राहिलो. फुकट मिळते आहे तर घ्यावे, हा विचार माझ्याही मनात आला. त्याच भिंतीवर किमान वेतनाच्या मागणीचा फलक लावलेला होता. एका म्हाताऱ्या लोडरने नुसते त्या फलकाकडे पाहिले. पुढे कोणी काही बोलले नाही. पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान 9,000 रुपये विद्यावेतन, असे 2019 च्या नियमदुरुस्तीत ठरले होते. तोच आकडा आम्ही धरला. आमची कचेरी त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती, तरी धरला.

निवडताना आम्ही गुणपत्रिका पाहिल्या नाहीत. वीस पगारचिठ्ठ्या पुढे ठेवल्या आणि म्हटले, यात चूक कोठे आहे ते सांगा. चंद्रपुरातच वाढलेला एक मुलगा झपाझप गणित करून मोकळा झाला. त्याची उत्तरे बरोबर होती. धानोरा तालुक्यातली एक मुलगी बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "भाऊ, हा माणूस कामावर कोणत्या तारखेपासून आहे, ते यात कुठंच नाही." दोघांनाही घेतले.

मुलीच्या घरी मी स्वतः गेलो होतो. तिची आई पहिले वाक्य बोलली ते हे: "सहा महिने पोरीचं खाणं-राहणं कोन करन, भाऊ?" मुंबई-पुण्यात बसून धोरणे लिहिणाऱ्यांना हा प्रश्न दिसत नाही. तेथे मुलगा घरी राहून कामाला जातो. आमच्या भागातला मुलगा पुण्याला गेला तर मिळालेले विद्यावेतन खोली आणि खाणावळ यांतच जिरते, वर घरून मागवावे लागते. ज्याच्या घरी मागवायला आहे तोच अनुभव मिळवतो, आणि पुढे अनुभव आहे म्हणून नोकरीही त्यालाच. आम्ही एका सभासदाच्या घरी तिची सोय केली. आईने आणखी एक अट घातली: तेंदू होईपर्यंत पोरगी येणार नाही. एप्रिल संपता संपता तेंदूपानाचा हंगाम लागतो आणि मे महिन्यात तो भरात असतो. पहाटे जंगलात जायचे, पाने खुडायची, 70 पानांचे एक पुडके असे बांधत बसायचे. घरातले सगळे हात लागतात आणि वर्षाचा रोख पैसा त्या थोड्या दिवसांत मिळतो. आम्ही 1 मे ही तारीख ठरवली होती, कामगार दिन म्हणून, मोठ्या हौसेने! ती बदलून 15 जून केली. गोंडवाना विद्यापीठ 2011 साली गडचिरोलीला स्थापन झाले ते याच मुलांसाठी. उन्हाळी सुटीत कामाला पाठवण्याची जी पद्धत शहरात सोयीची आहे, ती येथे तशीच उचलली तर जंगलातले मूल आपोआप गळते. हे कोणी मुद्दाम करीत नाही. कोणाच्या लक्षातच येत नाही.

काम सुरू झाले. मुलगा हुशार. तीन आठवड्यांत त्याने असा प्रोग्राम लिहिला की एकीकडे पगारचिठ्ठ्यांचे आकडे, दुसरीकडे फंडाचे भरणे. कोणाचे किती कमी, ते यंत्र काढून देई. आमचा कारकून तर खुर्ची ओढून सिनेमा पाहावा तसा पाहत बसे. मी ती यादी छापून घेतली, ठेकेदाराच्या व्यवस्थापकाशी बैठक ठरवली आणि छाती काढून गेलो.

व्यवस्थापकाने यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवले. "साहेब, हा एक माणूस महिन्यात 50 दिवस काम करतो काय?" एकाच गावचे, एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन कामगार यंत्राने एक केले होते. अशी आणखी नावे निघाली. उलट एकाच माणसाचे नाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले, ते तीन माणसे झाले होते. टेबलाभोवती हशा झाला. बैठक मोडली, आणि खऱ्या तक्रारीही त्या खोट्यांबरोबर दोन महिने मागे पडल्या.

कार्यकारिणीत आवाज उठला: पोराला काढा. मुलगा मान खाली घालून उभा होता. मी रागातच होतो. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "सर, मी शंकेच्या नावांचा कागद तुमच्या टेबलावर ठेवला होता." मी जाऊन पाहिले. पेपरवेटखाली होता. त्यावर त्याने लिहिले होते, 'ही नावे एकदा पाहून घ्यावीत.' नऊ दिवस तो कागद तेथे पडून होता. मला वेळ नव्हता. मला वाटले, यंत्राने काढले आहे, आता आपण काय पाहायचे?

बंधुभगिनींनो, 1989 साली ज्या मिस्त्रीने मला कधी काही सांगितले नाही, त्याचाही असाच समज असेल की त्याला वेळ नाही. मी त्या दिवशी तोच मिस्त्री झालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. रोज सकाळी अर्धा तास मी आणि कारकून त्यांच्याजवळ बसू लागलो. प्रोग्राम मला वाचता येत नाही. पण 'हा नियम कोणत्या माणसाला लागू पडणार नाही?' एवढे मी विचारू शकत होतो, आणि त्याचे उत्तर यंत्रात नसे, आमच्या डोक्यात असे. नावाऐवजी फंडाचा जो 12 आकडी सार्वत्रिक क्रमांक 2014 पासून मिळतो, त्यावर जुळणी करायची ठरले. तर त्यातही मेख निघाली: ठेकेदार बदलला की काहींना जुना क्रमांक न जोडता नवाच काढून दिलेला, म्हणजे एका माणसाचे दोन. ते कागदावरून कळणे शक्य नव्हते. ती मुलगी पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाजवळ चहाच्या टपरीवर वही घेऊन बसू लागली. गडचिरोलीकडून आलेल्या मजुरांशी ती गोंडीत बोले. जे लोक आमच्याशी 'हो साहेब, नाही साहेब' यापलीकडे बोलत नसत, ते तिला गाव, बाप, पहिला ठेकेदार, सगळे सांगत. नोव्हेंबरात दुसरी यादी गेली. तीवर कोणी बोट ठेवू शकले नाही. बऱ्याच जणांचा फरक खात्यात जमा झाला. काहींचा अजून भांडणात आहे.

संगणकाच्या कामाचे एक वैशिष्ट्य मला तेव्हा कळले. कॉलेजात विद्यार्थी कोऱ्या कागदापासून प्रोग्राम लिहितो, गुण मिळतात आणि तो प्रोग्राम मरतो. नोकरीत दुसऱ्याने लिहिलेले वाचावे लागते, त्यात बिघाड न करता भर घालावी लागते, आणि आपण गेल्यावर ते तिसऱ्याच्या हाती राहते. आमची मुले डिसेंबरात जाणार होती. मग पगाराचा महिना कोणासाठी थांबतो? म्हणून शेवटचे तीन आठवडे नवे काहीही करायचे नाही, असे ठरवले. त्यांनी मराठीत साठ पानी वही लिहिली: हे बिघडले तर असे करावे. कारकुनाने ती वही समोर ठेवून, त्यांची मदत न घेता एक महिना पूर्ण काढून दाखवला, तेव्हाच काम संपले असे मानले. कामगारांची माहिती मुलांच्या स्वतःच्या यंत्रावर राहू दिली नाही. तीही अक्कल उशिराच आली.

आता मी युनियनचा माणूस आहे, तेव्हा दुसरी बाजू सांगितल्यावाचून राहवत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 सालचा. त्याच्या 18 व्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, असे ठरवले. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंधांच्या संहितेतही तो 'कामगार' या व्याख्येबाहेरच राहिला. सुरक्षिततेची कलमे त्याला लागू आहेत, अपघाताची भरपाई आहे. पण वेतनाचा करार त्याच्यासाठी नाही. 2019 च्या नियमांनी 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेवर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याचे बंधन आले. हेतू चांगला. पण दरवर्षी नवे शिकाऊ आणायचे, पूर्ण पाळीचे काम घ्यायचे, वर्ष संपले की रामराम, आणि कायम माणसाची जागा मात्र भरायची नाही, असे कोणी करू लागला तर कायदा त्याचा हात धरीत नाही. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या खटल्यात म्हटले की इतर गोष्टी समान असतील तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला अग्रक्रम द्यावा. अग्रक्रम, नोकरी नव्हे.

2024 साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली: सहा महिने, शिक्षणाप्रमाणे सहा, आठ किंवा दहा हजार रुपये. पुढे ती मुदत अकरा महिने झाली, आणि मुदत संपल्यावर मुले मोर्चे घेऊन रस्त्यावर आली. केंद्राने त्याच वर्षी मोठ्या 500 कंपन्यांत महिना 5,000 रुपयांवर मुले पाठवण्याची योजना आखली. पैशाची तरतूद झाली, याबद्दल मी सरकारला नावे ठेवणार नाही. पण मुलाजवळ रोज अर्धा तास बसणाऱ्या माणसाची तरतूद कोणत्याही शासननिर्णयात करता येत नाही. ती ज्याच्या दारात मुलगा येतो त्यानेच करायची असते.

येथे काम कोठे आहे, असे मला विचारतात. कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर संगणक आहे, सिमेंटच्या भट्टीच्या नियंत्रण कक्षात आहे, पतसंस्थेत, धान खरेदी केंद्रावर, रुग्णालयाच्या औषध खोलीत आहे; आणि बहुतेक ठिकाणी तो बिघडला की नागपूरचा माणूस येईपर्यंत सगळे हात बांधून बसतात. मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीत अनेक ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदू विकू लागल्या. लिलाव, पुडक्यांची मोजणी, मजुरी, बोनस, हे सगळे हिशेब वहीत, आणि वही मुन्शीच्या पिशवीत. आमच्याकडची ती मुलगी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आपल्या गावच्या ग्रामसभेत सहा महिने हेच काम करायचे आहे. कॉलेज विचारते, तेथे तुझ्या कामावर देखरेख करणारा अभियंता कोण? प्रश्न रास्त आहे. चंद्रपुरातला एखादा जाणता संगणक अभियंता आठवड्यातून एकदा फोनवर आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष जाऊन तिचे काम तपासील काय, याचा शोध मी करतो आहे. या सभेत तसा कोणी बसला असेल तर त्याने मला जाताना भेटावे. धानोऱ्याला एस.टी. जाते, पुढे मी मोटारसायकलवर नेईन.

मुलगा काय करतो, असे अध्यक्षमहाराजांनी मघाशी विचारले. तो नागपूरला एका कंपनीत लागला. मुलाखतीत त्याला विचारले, तुझ्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कोणती? त्याने 50 दिवसांच्या महिन्याची गोष्ट सांगितली. पेपरवेटची गोष्ट त्याने सांगितली नाही, असे तो मला म्हणाला. ती मी आज सांगितली.

आमच्या कचेरीत 15 जूनपासून पुन्हा दोन जागा आहेत. विद्यार्थ्याशी जो करार आम्ही करतो तो एक पानी आहे: विद्यावेतन किती, काम कोणते, रोज जवळ बसणार कोण, त्याचे नाव, आणि जाताना वही. दुकानदार, डॉक्टर, पतसंस्थेचे संचालक, ज्या कोणाला पाहायचा असेल त्यांच्यासाठी प्रती दाराशी ठेवल्या आहेत. तिसऱ्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिता येत नसेल तर मात्र प्रत नेऊ नका. छपाई महाग झाली आहे.